अंधारात दिसणारे बुटके

'हिमगौरी आणि सात बुटके' ही गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. ग्रिम बंधूंनी ती 1812 साली जर्मन भाषेत छापली आणि पुढे ती जगभर फिरली. त्या गोष्टीतला एक बारीक तपशील मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. बुटके दिवसभर डोंगरात खनिज खणून संध्याकाळी घरी परततात, आपापले सात दिवे लावतात, आणि दिव्यांच्या उजेडात त्यांना कळतं की आपल्यामागे घरात कुणीतरी येऊन गेलंय. म्हणजे आयुष्य डोंगराच्या पोटात घालवलेल्या या बुटक्यांनाही दिसायला दिवाच लागत होता!

हे आज आठवायचं कारण म्हणजे आमचे पुण्याचे नातू. त्यांच्या मित्रमंडळात दर रविवारी एक खेळ चालतो. टेबलाभोवती पाचसहा जण बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचत जायची. खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 साली बाजारात आणला. आमच्या चिरंजीवांच्या चिरंजीवांनी त्यात बुटक्याचं पात्र घेतलं आहे. दाढी, कुऱ्हाड, जमिनीखाली राजवाडा, सगळा थाट आहे. मी सहज विचारलं, "अरे, या तुझ्या बुटक्याला तिथं खाली दिसतं कसं?" तो म्हणाला, "आजोबा, त्याला अंधारात दिसतंच. नियमच आहे तसा."

मास्तरकी सुटली तरी खोड जात नाही. मी नियम वाचून घेतला. मोठा मजेदार निघाला. 1978 सालच्या नियमपुस्तकात बुटक्याला अंधारात 60 फुटांपर्यंत 'उष्णता' दिसते. म्हणजे गरम वस्तू उजळ आणि थंड वस्तू काळी. आता पाहा, भिंत थंड आणि भिंतीवर कोरलेलं अक्षरही तितकंच थंड, मग बिचाऱ्यानं शिलालेख वाचायचा कसा? शिवाय शेजारी कुणी मशाल पेटवली की ही नजर बिघडायची. खेळणाऱ्यांनी यावर बरेच वाद घातले असणार, कारण 2000 साली आलेल्या नव्या आवृत्तीत उष्णतेची भानगड काढून टाकली आणि नुसती 'अंधारातली नजर' दिली. अंतर तेच 60 फूट, पण रंग नाहीत, सगळं काळंपांढरं. 2024 च्या आवृत्तीत ते अंतर 120 फूट झालं, आणि दगडाला पाय टेकलेला असेल तर हादऱ्यांवरून आसपास कोण चालतंय हेही बुटक्याला थोडा वेळ कळू लागलं. प्रगती म्हणायची!

जुन्या नियमात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला फार आवडली. जमिनीखाली चालताना वाट उताराची आहे की चढाची, बांधकाम जुनं की नवं, आपण साधारण किती खोल आलो, हे बुटक्याला ओळखता येण्याची शक्यता असते. ही जादू नव्हे, ही कसबाची गोष्ट आहे. मुळात जमिनीखाली माणसं खरोखर कशी 'पाहत' आली, याचं उत्तर डोळ्यांपेक्षा या कसबातच आहे, असं मला वाटतं. आपल्या मराठवाड्यात त्याचे पुरावे पावलोपावली आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी डोळ्यांचं शास्त्र सांगून टाकतो. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशींना रंग कळतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. उजेडातून अंधारात गेलं की दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला सुमारे अर्धा तास लागतो. म्हणजे खेळातल्या बुटक्याची ती काळीपांढरी नजर अगदीच हवेतली नाही, चांदण्या रात्री शेतात राखणीला जाणाऱ्या प्रत्येकाकडे ती असते. पण एक अट आहे, थोडातरी उजेड हवा. ठार अंधारात दंडपेशी काय नि शंकूपेशी काय, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग पिढ्यान् पिढ्या अंधारात राहिलं तर नजर तयार होईल का? निसर्गाचं उत्तर उलटं आहे. बस्तरमध्ये कोटुमसर नावाची खोल गुहा आहे. तिथल्या पाण्यातल्या माशांचे डोळे बारीक होत गेले आहेत आणि अंगाचा रंगही उडाला आहे. त्यांचे उजेडातले भाऊबंद बाहेरच्या ओढ्यांत चांगले डोळस आहेत. जिथं पाहायला काहीच नाही, तिथं निसर्ग डोळ्यांवर खर्च करत नाही. तेव्हा बुटके खरोखर युगानुयुगं पाताळात राहिले असते, तर आंधळे झाले असते आणि स्पर्शावर व आवाजावर जगले असते.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या पुराणांतलं पाताळ मुळात अंधारं नाहीच. तिथं नागांच्या फण्यांवरचे मणी उजेड पाडतात. आपल्या पूर्वजांनीही पाताळात वस्ती कल्पिली, पण दिव्याची सोय आधी करून ठेवली. मला हा व्यवहारीपणा भावतो.

अंधाराचा शस्त्र म्हणून वापर पाहायचा असेल तर देवगिरीला जावं. यादव राजा पाचवा भिल्लम यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथं राजधानी केली. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी आला, 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं हलवली आणि नाव दौलताबाद झालं. सगळा डोंगर भोवतीनं ताशीव कडा करून तासलेला, खाली खंदक, आणि वर जायला खडकातून कोरलेली एकच वाट. तिचं नावच 'अंधारी'. वळणं घेत चढणारा बोगदा, उंचसखल पायऱ्या, आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण. शत्रू आत शिरला की त्या झाकणावर विस्तव पेटवायचा आणि वाट धगीनं व धुरानं कोंडायची, अशी योजना. शाळेच्या सहली घेऊन मी तिथं कितीतरी वेळा गेलो आहे. टेंभा विझवला की वर्गातली सगळ्यात दंगेखोर पोरं सगळ्यात आधी गप्प होतात.

विचार करा, त्या अंधारात फायदा कुणाचा? किल्ल्यातल्या शिबंदीला काही मांजराचे डोळे नव्हते. तिच्या पायांना पायऱ्यांची संख्या पाठ होती, कुठल्या वळणावर डोकं वाकवायचं हे अंगात मुरलं होतं. परक्याला जो अंधार, तो घरच्याला ओसरी! खेळातल्या बुटक्यांच्या राज्याचं बळ मला यातच दिसतं. त्यांना 60 फुटांच्या नजरेची गरजच नाही.

दुसरं उदाहरण अजिंठ्याचं. भोकरदनच्या मंडळींना अजिंठा म्हणजे अंगणच. (खुद्द भोकरदनलाही केळणेच्या काठी खडकात कोरलेलं लेणं आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन 'भोगवर्धन', तिथल्या दात्यांची नावं थेट सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) अजिंठ्याचं 24 नंबरचं लेणं अर्धवट राहिलं, आणि म्हणूनच मला ते सगळ्यात बोलकं वाटतं. आधी छताची पातळी गाठायची, मग खाली उतरत जायचं, मध्ये दगडाचे उभे पट्टे ठेवून एकेक गल्ली पाडायची आणि शेवटी ते पट्टे फोडायचे. वरून खाली आल्यामुळे परातीची गरज नाही आणि दर्शनी बाजूचा उजेड शक्य तितका आत येतो. तरीही मागच्या खोल्यांमध्ये दिवसा अंधारच. मग पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी ते रंग भरले कसे? तेलाचे दिवे होतेच, शिवाय दारातलं ऊन पांढऱ्या कापडावर किंवा चकचकीत पत्र्यावर घेऊन आत परतवलं असावं असा जाणकारांचा कयास आहे. दंडपेशींना रंग कळत नाहीत हे वर सांगितलंच. तेव्हा निळा आणि हिरवा वेगळा ओळखण्याइतका उजेड त्यांनी कुठूनतरी आत नेला होता, एवढं नक्की.

तिसरं उदाहरण पाण्याचं, आणि ते माझ्या विशेष आवडीचं. मलिक अंबर हा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला माणूस. 1610 च्या सुमारास त्यानं खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. या गावाला त्यानं डोंगरापासून जमिनीखालून पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. आपल्या जालन्याच्या मोती तलावाचं पाणीसुद्धा जमशेदखानानं जमिनीखालच्या नळांनीच गावात खेळवलं होतं. सीमेपलीकडे बऱ्हाणपूरला 1615 साली खानखानानच्या अमलात खोदलेला कुंडी भंडारा आहे. तिथं तर शंभराहून जास्त कुंड्या एका ओळीत आहेत.

ही कुंडी म्हणजे काय? वरून खाली उतरलेला उभा हौदा. जमिनीखालून लांब बोगदा खणायचा तर ठरावीक अंतरावर अशी उभी भोकं पाडत जायची. त्यातूनच माती वर काढायची, त्यातूनच वारा खाली जायचा आणि त्यातूनच दुपारी उजेडाचा एक गोल तळाशी पडायचा. मूळ विद्या इराणकडची. तिकडचे खोदणारे बोगदा सरळ राहावा म्हणून पाठीमागे दोन दिवे एका रेषेत ठेवत. मागे वळून पाहायचं, दोन ज्योतींची एक ज्योत दिसली तर आपण सरळ चाललोय, दोन दिसल्या तर वाट चुकतेय. भूमितीचा किती सोपा धडा! दिवा त्यांच्या जिवाचाही राखणदार होता, कारण ज्योत मलूल झाली की हवा संपत आली असं समजून वर पळायचं.

हीच राखण मी लहानपणी आजोळी पाहिली आहे. तेव्हा ज्वारी पेवात साठवत. नव्या पिढीसाठी सांगतो, पेव म्हणजे घट्ट जमिनीत खणलेला मोठा खड्डा. तोंड एका माणसापुरतं अरुंद आणि आत रांजणासारखा फुगलेला. आतून कडब्याचं आणि भुसाचं अस्तर, वरून दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. आत कोंडलेलं धान्य श्वास घेतं, हवेतला प्राणवायू संपवतं आणि कर्बवायू सोडतं. त्यानं कीड मरते आणि ज्वारी टिकते. पण हा वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी बसून राहतो. त्यात घाईनं उतरणारा माणूसही किडीसारखाच मरतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणाला उतरू देत नसत. बराच वेळ तोंड मोकळं ठेवायचं आणि मग दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. जळत राहिला तर ज्याच्या कमरेला दोर आहे तोच उतरायचा, आणि दोराचं दुसरं टोक वरच्या जाणत्या माणसाच्या हातात. खालचा माणूस सारखा बोलत राहायचा. त्याचा आवाज थांबला की दोर ओढायचा. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मी वर्गात शेकडो वेळा शिकवला, पण दर वेळी मला तो कंदील आठवायचा.

मराठवाड्यातल्या विहिरींचंही तसंच. 1972 च्या दुष्काळात गावोगाव विहिरी खोल करायचं काम चाललं होतं. खोली फुटात नाही, परसात मोजायची. वडार मंडळी पहार आणि घण घेऊन उतरायची. तळाशी थेट ऊन यायचं ते भर दुपारी थोडा वेळ. बाकी सारा कारभार कानावर आणि हातावर. पहारीचा आवाज 'बद्द' आला की मुरूम, 'खण्ण' आला की पाषाण, आणि थोडा पोकळ आला की पुढे भेग आहे, कदाचित पाणी आहे. ही खरी 'दगडाची जाण'! त्या नियमपुस्तकाच्या लेखकानं एक दिवस आमच्याकडच्या विहिरीवर काढला असता, तर त्याला हादऱ्यांची जादू शोधावी लागली नसती.

मग हे अंधारात दिसणारे बुटके आले कुठून? उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमध्ये ते सूर्याला भितात. आल्वीस नावाचा एक विद्वान बुटका थॉर देवाच्या मुलीला मागणी घालतो. थॉर त्याला रात्रभर प्रश्न विचारत बसवून ठेवतो, आणि उजाडताच उन्हानं त्याची गत होते. पुढे खाणींच्या मुलखात त्यांचं रूप बदललं. ॲग्रिकोला नावाचा जर्मन विद्वान खाणकामगारांच्या गावात वैद्य होता. त्यानं 1549 साली जमिनीखालच्या प्राण्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात खाणीतल्या या छोट्या जीवांचीही नोंद आहे. दिसायला बुटके, कपडे खाणकामगारांचेच, आणि काम केल्याचं नुसतं सोंग करणारे! त्या खाणींत एक धातुक सापडे. दिसायला चांदीसारखं, पण वितळवलं की चांदी नाहीच, वर विषारी धूर. खाणकामगार म्हणत, ही त्या खट्याळ 'कोबोल्ड'ची करणी. अठराव्या शतकात स्वीडनच्या ब्रांटनं त्यातून नवा धातू ओळखला. त्या भुताच्याच नावानं तो आज ओळखला जातो, कोबाल्ट. आपल्या मोबाइलच्या बॅटरीत तो असतो. जगातलं निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोतून येतं, आणि तिथल्या हाती खणलेल्या खाणींत लहान मुलं राबत असल्याचे अहवाल जगापुढे आले आहेत.

इथं मी जरा थबकलो. बुटके, खाणीचे कपडे, लहान अंगलट... इंग्लंडात 1842 साली खाणींचा सरकारी अहवाल निघाला, त्यात पाचसहा वर्षांची पोरं आहेत. बोगद्यातलं वाऱ्याचं दार उघडायचं आणि लावायचं एवढंच त्यांचं काम. त्यासाठी दिवसभर एकट्यानं अंधारात बसायचं. मेणबत्तीला पैसे पडत, म्हणून बहुतेकांकडे तीही नसे. त्याच वर्षी कायदा होऊन बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवायला बंदी झाली. पुढेही मंद उजेडात वर्षानुवर्षं कोळसा खणणाऱ्यांची बुबुळं थरथरू लागत, आणि त्या रोगाला तिकडच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात जागा द्यावी लागली. मला वाटतं, खाली राबणाऱ्याला अंधारात दिसतंच, असं एकदा ठरवून टाकलं की वरच्या माणसाची सोय होते. दिव्याचा खर्च वाचतो आणि टोचणीही लागत नाही. "त्यांना सवय असते हो!" हे वाक्य आपल्याकडेही किती सहज बोललं जातं, आठवून पाहा.

आपल्या शहरांतल्या गटारांत आजही माणसं उतरतात. 2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय कुणालाही गटारात उतरवायला बंदी घातली. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली दहा लाख रुपये भरपाई ठरवली, ती 2023 साली तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागली याचाच अर्थ मृत्यू थांबले नव्हते. आणि इथं पेवाचा कंदील कामाचा नाही बरं का! गटारात ज्वालाग्राही वायू असू शकतो, ज्योत नेली तर भडका उडेल. दुसरा एक विषारी वायू सडक्या अंड्यासारखा वास मारतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास आला नाही म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही. तिथं वायू मोजणारं यंत्र लागतं, हवेचा पुरवठा लागतो, कमरेला दोर लागतो. खरं तर माणूस उतरवायची वेळच येऊ नये, यंत्रानं काम व्हावं. पण आमच्या आजोळी निरक्षर माणसं ज्वारीच्या पेवात कुणी उतरण्याआधी जी काळजी घेत, तेवढीही काळजी मोठमोठ्या शहरांत घेतली जात नाही, हे मात्र मनाला लागतं.

असो. नातवाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आजोबा, पुढच्या खेळात आमच्या बुटक्यांना ती नजर नकोच. दिवे मोजूनच देऊ, आणि तेल संपत आलं तर काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं." मी म्हटलं, "एक दोरही दे, आणि वर एक माणूस ठेव." त्यानं विचारलं, "वरच्या माणसाला खेळायला काय काम?" मी म्हटलं, "खालच्याशी बोलत राहणं."

तुमच्यापैकी कुणाच्या गावात जुनं पेव, बारव किंवा पाण्याचा जमिनीखालचा नळ अजून शिल्लक असेल तर जरूर कळवा. ते कुणी खणलं हे सांगणारं एखादं म्हातारं माणूस हयात असेल, तर त्याला आधी विचारून घ्या. दगड थांबतील, माणसं थांबत नाहीत.